बेळ, टोपली आणि कथा

सासूबाईंच्या गोळ्या वारांप्रमाणे डबीत लावायच्या, मुलांचे डबे भरायचे आणि धावत विरारचा प्लॅटफॉर्म गाठायचा. चर्चगेट ६० किलोमीटर. बसायला जागा मिळाली, तर मोबाइलवर चार ओळी टिपून होतात. घर सांभाळून कथा लिहिणाऱ्या बाईचा वेळ असा तुकड्यातुकड्यांनीच हाती येतो.

उर्मिला पवारांचंच पाहा. जन्म १९४५चा, रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याचा. वडील लवकर गेले. आई बांबूच्या बेळांतून सुपं, टोपल्या विणून घर चालवायची. दुःखातही तिचे हात थांबले नाहीत. पुढे मुंबईत उर्मिलाताईंनी सरकारी नोकरी, संसार, मुलं, दलित स्त्रियांची चळवळ आणि त्यातच एम. ए. असं सगळं एकाच वेळी पेललं. ‘सहावं बोट’ (१९८८), ‘चौथी भिंत’ हे कथासंग्रह त्याच धबडग्यातले. २००३ साली आलेल्या आत्मकथनाचं नाव ‘आयदान’, म्हणजे बांबूच्या वस्तू. आईची वीण आणि आपलं लेखन यांतलं नातं त्यांनी या एका शब्दात पकडलं. बायकोच्या शिकण्या-लिहिण्यावरून घरात झालेले ताणही त्यांनी झाकले नाहीत. हे धाडस मला त्यांच्या कथांइतकंच मोलाचं वाटतं.

तिकडे कॅनडात ॲलिस मन्‍रो मुली झोपल्या की लिहायच्या. कादंबरीएवढा सलग वेळच मिळेना, म्हणून त्या कथेकडे वळल्या. २०१३चं साहित्याचं नोबेल त्यांना या कथांसाठीच मिळालं.