अर्ध्या तासात संपणारी तिकिटे आणि ग्लास्टनबरीचा हिशेब

इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी संगीत महोत्सवाची २०२५ची मुख्य तिकीटविक्री साधारण ३५ मिनिटांत आटोपली. तिकीट ३७३.५० पौंड, वर ५ पौंड आरक्षण शुल्क. अशी बातमी वाचली की लोक लगेच म्हणतात, आयोजकांनी खोऱ्याने पैसा ओढला. हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे.

मार्च २०२४मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात महोत्सवाच्या कंपनीची उलाढाल सुमारे ६ कोटी ८४ लाख पौंड होती आणि करपूर्व नफा ५९ लाखांच्या आसपास. शंभर पौंडांमागे नऊसुद्धा उरले नाहीत. त्याच वर्षी ५० लाखांहून अधिक पौंड देणग्यांत गेले. ऑक्सफॅम, ग्रीनपीस आणि वॉटरएड या संस्थांशी महोत्सवाचे जुने नाते आहे. बाकीचा पैसा जातो कुठे? समरसेटमधल्या पिल्टन गावाजवळ वर्दी फार्म नावाचा गोठा आणि कुरणे आहेत. तिथे दोन लाख माणसांचे शहर पाच दिवसांसाठी वसवायचे. पाणी, वीज, संडास, दवाखाना, पहारा, सगळे आणायचे आणि नंतर उचलून न्यायचे, कारण कुरण पुन्हा गाईंना लागते. म्हणूनच मधूनमधून एक वर्ष जमिनीला विश्रांती देतात. २०१८ साली दिली, २०२६साठीही तेच ठरले. त्या वर्षी तिकिटांचे उत्पन्न शून्य.

मोठ्या गायकांचे मानधन सगळा पैसा खाते, हेही इथे लागू पडत नाही. इतर बड्या महोत्सवांच्या मानाने ग्लास्टनबरी बरेच कमी मानधन देते, हे आयोजक एमिली ईव्हिस उघडपणे सांगतात. त्यांचे वडील मायकेल ईव्हिस यांनी १९७०मध्ये पहिला महोत्सव भरवला तेव्हा तिकीट १ पौंड होते, त्यातच शेतावरचे दूध फुकट, आणि आले दीड हजारांच्या आसपास लोक.

आता आगाऊ पैशाकडे वळू. हिशेबातली सगळ्यात नाजूक जागा हीच. २०२५साठी नोव्हेंबर २०२४मध्ये ७५ पौंड अनामत भरून जागा धरायची आणि उरलेली रक्कम एप्रिलच्या सुरुवातीला चुकती करायची, अशी पद्धत होती. हातात आलेली अनामत ही कमाई नव्हे. कार्यक्रम पार पडेपर्यंत ते प्रेक्षकांचे देणेच असते. कोविडमुळे २०२० आणि २०२१चे महोत्सव रद्द झाले, तेव्हा हे देणे आयोजकांच्या दारात उभे राहिले. अनामत पुढच्या महोत्सवासाठी ठेवण्याची किंवा परत घेण्याची मुभा लोकांना दिली गेली. २०२१मध्ये सरकारी मदतनिधीतून ९ लाख पौंडही घ्यावे लागले. आगाऊ रक्कम हाती येताच खर्चून टाकणारा आयोजक अशा वर्षी तग धरणार नाही.

तिकिटे नेहमी हातोहात खपतात, हाही समज खोटा. २००८मध्ये महोत्सव तोंडावर आला तरी तिकिटे शिल्लक होती. त्याआधी २०००मध्ये उलटेच झाले होते: परवाना एक लाखाचा, आणि कुंपण ओलांडून हजारो लोक फुकटात आत. २००१चा महोत्सव झालाच नाही, आणि २००२मध्ये भक्कम पोलादी कुंपण उभे राहिले.

आणि काळाबाजार? तो अटळ आहे, असे आपण मानून चाललो आहोत. नवी मुंबईत जानेवारी २०२५मध्ये झालेल्या कोल्डप्लेच्या कार्यक्रमांची तिकिटे कित्येक पट दराने फिरवली गेली, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. ग्लास्टनबरीने २००७पासून आधी छायाचित्रासह नावनोंदणी सक्तीची केली. तिकिटावर त्याच माणसाचा फोटो. दुसऱ्याच्या नावावर ते करता येत नाही. ज्यांचे पैसे अपुरे राहतात किंवा ज्यांना जमत नाही, त्यांची तिकिटे अधिकृत खिडकीवरूनच, मूळ किमतीला पुन्हा विकली जातात. यात दलालाला वाव जवळजवळ उरत नाही. मोठ्या मागणीच्या तिकिटाचा भाव वाढवून आयोजकाला स्वतःही बरेच कमावता आले असते. ते इथे जाणूनबुजून सोडले जाते, आणि माझ्या मते या महोत्सवाच्या ताळेबंदातली सर्वांत मोलाची नोंद तीच आहे, जरी ती कुठल्या रकान्यात दिसत नसली. आपल्याकडच्या आयोजकांनी नावनोंदणीची ही पद्धत निदान एका मोठ्या कार्यक्रमाला लावून पाहावी. खर्च येईल, प्रवेशद्वाराशी रांग लांबेल; पण रात्रभर मोबाईल धरून बसलेल्या पोराला छापील दरातच तिकीट मिळेल.