वह्या वेगळ्या, वंश एक

नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला गेले, की तीर्थोपाध्याय आपल्या घराण्याची वही काढतात. आजा, पणजा, त्यांचे भाऊ, सारे तिच्यात लिहिलेले असतात. वही नसती तर चार पिढ्यांमागचं कुणी सांगितलं असतं?

घोड्यांचीही अशी वही असते. शिंगरू जन्मले की त्याचे आईबाप, जन्मतारीख, रंग, अंगावरच्या खुणा तिच्यात लिहितात. वहीत नाव असेल तर घोडा जातिवंत ठरतो आणि त्याला किंमत येते.

युरोपात लिपित्सा नावाचे गाव आहे. १५८० साली ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातील कार्ल यांनी तेथे घोड्यांच्या पैदाशीसाठी पागा काढली. गावावरून त्या घोड्यांना लिपिझान म्हणू लागले. त्यांची शिंगरे जन्मतात काळी किंवा तपकिरी, आणि वय वाढेल तशी बहुतेक पांढरी होतात.

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाचे मोठे राज्य मोडले. भाऊबंदांत वाटणी होते ना, तशी घोड्यांची वाटणी झाली. काही घोडे इटलीला मिळाले. काही ऑस्ट्रियाने पीबर या गावी ठेवले. हंगेरी, रुमानिया, क्रोएशिया, स्लोव्हाकिया येथेही पागा होत्या. घोडे एका रक्ताचे, पण वह्या निरनिराळ्या झाल्या.

१९९१ साली स्लोव्हेनिया हा देश स्वतंत्र झाला. लिपित्सा गाव त्याच्या हद्दीत आले. मग मूळ वहीचा मान कुणाचा, यावर वाद पेटला. स्लोव्हेनिया म्हणे, "गाव आमचं." ऑस्ट्रिया म्हणे, "घोडे आम्ही सांभाळले." इटली म्हणे, "जुन्या वह्या आमच्यापाशी आहेत." हा वाद नुसत्या मानाचा नव्हता. युरोपच्या कायद्याप्रमाणे मूळ वही ज्याची, त्याचे नियम इतरांना पाळावे लागतात.

पण जनावराला माणसांचे वाद कळत नाहीत. आपण शेतकरी जाणतोच, की वळूला त्याच्याच कालवडी दाखवू नयेत. नात्यातच पैदास होत राहिली, तर वासरे अशक्त निपजतात. घोड्यांचेही तसेच आहे. कळप लहान असला की बाहेरचा चांगला नर लागतो. तो शेजारच्या देशाकडेच असतो! रोगाचे भय आणखी निराळे. १९८३ साली पीबरच्या पागेत साथ आली आणि सुमारे चाळीस घोडे दगावले. सगळे घोडे एकाच ठिकाणी असते, तर काय झालं असतं?

म्हणून बोलणे तुटू देऊन चालणार नव्हते. १९८६ साली निरनिराळ्या देशांच्या संस्थांनी मिळून एक महासंघ स्थापन केला. त्याने कुणाचीही वही बंद केली नाही. या घोड्यांची जुनी घराणी सहा. क्रोएशिया, हंगेरी या बाजूला आणखी दोन घराणी होती, तुलिपान आणि इन्सितातो. महासंघाने ती दोन्ही जुन्या सहांच्या बरोबरीची मानली. अशाने पैदाशीला नवे रक्त मिळते.

पुढे शास्त्रज्ञांनी आठ पागांतील २१२ घोड्यांची तपासणी केली. आईकडून जी खूण पिढ्यान्‌पिढ्या उतरते, ती त्यांनी पाहिली आणि वहीतील नोंदीशी ताडून पाहिली. २००२ साली निकाल छापला गेला. त्यात चांगली गोष्ट अशी, की या घोड्यांत अजून पुष्कळ निरनिराळे रक्त टिकून आहे. पण दुसरीही गोष्ट उघड झाली. शंभरांतील निदान अकरा घोड्यांचा आईकडचा खरा वंश आणि वहीतला वंश जुळत नव्हता! वहीचा अभिमान किती बाळगावा, हे त्यातून समजते. पागांनी आपापली दारे लावून घेतली असती, तर ही चूक कधी कळली असती का?

ऑस्ट्रिया, इटली, स्लोव्हेनिया आणि आणखी पाच देशांनी युनेस्कोकडे एकत्र अर्ज केला होता. २०२२ साली लिपिझान घोड्यांच्या पैदाशीची रीत युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. ती आठही देशांच्या नावाने आली, कुणा एकाच्या नाही.

आम्हांला यातून एवढेच सांगायचे आहे. हिशेबाची वही असो, सोसायटीची असो की गोठ्याची, ती खरी ठेवावी. आणि शेजाऱ्याने पाहू म्हटले, तर उघडून दाखवावी. चूक निघाली तर वाईट वाटेल, पण जनावर वाचेल.