विश्लेषण : आदिवासींच्या रोजगाराबद्दल जनगणना काय सांगते, काय लपवते?

२०११ च्या जनगणनेत देशातील दर १०० जणांपैकी सुमारे ४० जण ‘काम करणारे’ होते. अनुसूचित जमातींमध्ये हे प्रमाण ४९ च्या आसपास होते. मग आदिवासींना रोजगार जास्त मिळतो का? तसे नाही. घरात बसणे परवडत नाही, बायाही मजुरीला जातात, मुले शाळा लवकर सोडतात. वर्षभरात एक दिवस काम केलेली व्यक्तीही या ४९ मध्ये येते.

सहा महिन्यांची रेषा

वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केले तर ‘मुख्य’ आणि कमी केले तर ‘सीमांतिक’ कामगार, अशी ही विभागणी आहे. वसई-विरार परिसरातील कातकरी, वारली कुटुंबांना ती नीट बसत नाही. दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर गेलेले कुटुंब पावसाळ्याच्या तोंडावर परतते. भट्टी थोडी लांबली तर ते ‘मुख्य’, लवकर विझली तर ‘सीमांतिक’. मजुरी आणि डोक्यावरचे कर्ज मात्र तेच.

कामाचे रकाने चारच आहेत : शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर. भट्टीवरचा मजूर, नाक्यावरचा बिगारी आणि बँकेचा मॅनेजर हे तिघेही ‘इतर’मध्ये मोडतात. त्यामुळे शेतमजूर घटून ‘इतर’ वाढले, एवढ्यावरून प्रगती झाली असे म्हणता येत नाही.

मोजले कुठे जाते?

२०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीदरम्यान झाली, म्हणजे ऐन भट्टीच्या हंगामात. या काळात जो एकदाही घरी नव्हता, त्याची नोंद तो जिथे सापडला तिथे झाली. मोखाड्याचे कुटुंब वसईच्या भट्टीवर असेल, तर ते वसईच्या आकड्यात जाते आणि मोखाड्यात कमी दिसते.

तुलना करताना

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्यामुळे २०११ च्या तक्त्यांत तो सापडणार नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यातील वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा या आठ तालुक्यांची बेरीज करावी लागते. ती सुमारे ३० लाख येते आणि त्यात ३७ टक्के आदिवासी आहेत. वसई-विरारमध्ये आणखी एक पेच आहे. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून महापालिका झाली. २००१ मध्ये ग्रामीण असलेले काही पाडे त्यामुळे २०११ मध्ये शहरी झाले.

सर्वाधिक फसवणारा तक्ता गावनिहाय साराचा. त्यात आदिवासींची लोकसंख्या वेगळी मिळते, पण कामगारांचे रकाने संपूर्ण गावाचे असतात. ते आदिवासींचे समजून टक्केवारी काढली की सगळेच गणित चुकते. त्यासाठी अनुसूचित जमातींचे स्वतंत्र तक्तेच उघडावेत.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तेव्हाही भट्ट्या पेटलेल्याच असतील.