वाळवंटात जाताय? कानटोपी घ्या!

ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत आहे, तिथं हल्ली असा फोन येतो, ‘आई-बाबा, डिसेंबरात इकडंच या. नाताळच्या सुट्टीत गाडी घेऊन वाळवंटातली नॅशनल पार्क बघू.’ आणि इकडं बायकांची बॅग भरायला सुरुवात होते. वाळवंट म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? रणरणतं ऊन, वाळू, उंट. मग सुती साड्या, पातळ पंजाबी ड्रेस, सपाता आणि फार तर एक शाल. मैत्रिणींनो, इथंच गडबड होते. वाळवंट म्हणजे पाऊस कमी पडणारा मुलूख. तो गरम असतोच असं कुणी सांगितलं?

अमेरिकेतल्या या पार्कांचं हवामान ठरतं ते उंचीवर. मुलांनी जागांची नावं सांगितली की आधी विचारायचं, ‘बाळा, ती जागा किती फुटांवर आहे रे?’

कॅलिफोर्नियातली डेथ व्हॅली समुद्रसपाटीच्याही खाली जाते, बॅडवॉटर नावाच्या ठिकाणी तर 282 फूट खाली. 1913 च्या जुलैत इथं 56.7 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, ते आजही जगातलं सर्वाधिक मानलं जातं. पण डिसेंबरात तिथं दुपारी 18 अंशांच्या आसपास आणि पहाटे चार-पाच अंश. म्हणजे निफाडची थंडी! दिवसा मात्र झकास. फिरायला यासारखे दिवस नाहीत.

तिथून लास व्हेगास करून युटा राज्यातल्या झायनला गेलात की दरीचा तळच चार हजार फुटांवर, म्हणजे जवळजवळ महाबळेश्वरच्या उंचीचा. दुपारी अकरा-बारा अंश, रात्री पाणी गोठेल इतकं. अॅरिझोनातल्या ग्रँड कॅनियनचा दक्षिण काठ सात हजार फुटांवर, आपल्या कळसूबाईपेक्षा दीड हजार फुटांनी उंच. तिथं बर्फ पडतो, रात्री पारा शून्याखाली सात-आठ अंश जातो. उत्तरेकडच्या काठाचा रस्ता हिवाळ्यात गाड्यांना बंदच असतो. आणि ब्राइस कॅनियन तर आठ-नऊ हजार फूट. लाल दगडांच्या सुळक्यांवर पांढरा बर्फ, फोटो बघून जीव हरखतो. पण तिथं जानेवारीत दुपारीही पारा जेमतेम तीन-चार अंशांवर चढतो.

म्हणजे एका आठवड्याच्या सहलीत आपण गुलाबी थंडीतून थेट बर्फात जातो. त्यातून हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसभराची ऊब धरून ठेवायला ढग नाहीत, हवेत ओलावा नाही. सूर्य मावळला की तास-दोन तासांत गारठा हाडांत शिरतो. आणि मावळतो तरी किती लवकर! डेथ व्हॅलीत डिसेंबरात साडेचारलाच. युटा-अॅरिझोनात घड्याळ एक तास पुढं, एवढाच काय तो फरक.

तिकडं सगळं फॅरनहाइटमध्ये सांगतात, त्यानं गोंधळ होतो. सोपा हिशोब : आकड्यातून तीस वजा करा, उरेल त्याचं निम्मं करा. पन्नास सांगितलं तर आपले दहा. तंतोतंत नाही, पण स्वेटर की जाकीट हे ठरवायला पुरे.

कपड्यांचं म्हणाल तर एकच जाडजूड कोट नको. आत थर्मल, वर लोकरीचा स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जाकीट. काढता-घालता आलं पाहिजे. साडीच नेसायची असेल तर परकराखाली थर्मलची पँट घाला, कुणाला दिसत नाही. पण सपाता नकोच. मोजे आणि खाली चांगली पकड असलेले बूट हवेत, कारण पायवाटांवर पडलेला बर्फ तुडवून तुडवून काचेसारखा गुळगुळीत होतो. बुटांना लावायचे काटे तिकडं दुकानात मिळतात. मुलांना घ्यायला सांगा, पैशाकडं बघू नका. या वयात मोडलेलं हाड किती महिने खातं ते आपल्याला ठाऊक आहे. खोबरेल तेल थिजून दगड होतं, तेव्हा ओठांना आणि टाचांना व्हॅसलीन. तहान लागत नाही, तरी घोट घोट पाणी पीत राहा. गरम पाण्याचा थर्मास गाडीत हवाच. ब्लडप्रेशर, दमा असेल तर एवढ्या उंचीवर जाण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या.

आता मुख्य सांगायचं ते हे. आपल्याला सवय असते, ‘मला काही होत नाही गं, तुम्ही बघून या.’ सुनेला त्रास नको, मुलाचा हिरमोड नको, म्हणून कुडकुडत उभं राहायचं. तिथं हे चालत नाही. अंगाची ऊब फार उतरली की आधी हुडहुडी भरते, मग बोटं वळत नाहीत, बोलणं अडखळतं, माणूस पेंगुळतो. हुडहुडी थांबली म्हणजे बरं वाटतंय असं समजू नका, कधी कधी ती धोक्याची खूण असते. वय झालेल्यांना हे लवकर होतं, आणि या पार्कांत कित्येक मैल मोबाइलला रेंज नसते. तेव्हा गारठलात तर तोंड उघडून सांगा. गाडीत पांघरुणं, लाडू-चिवडा आणि भरलेली पेट्रोलची टाकी असू द्या.

पाऊस वाळवंटात पडतच नाही, असंही नाही. डेथ व्हॅलीत वर्षाला जेमतेम दोन इंच पडतो, त्यातला बराचसा हिवाळ्यातच. ऑगस्ट 2023 मध्ये वादळाचा पाऊस झाला तेव्हा रस्ते वाहून गेले आणि ते पार्क दोन महिने बंद राहिलं. 2024 च्या फेब्रुवारीत पुन्हा पाऊस झाल्यावर बॅडवॉटरच्या मिठागरात साचलेल्या तळ्यात लोकांनी होड्या चालवल्या! म्हणून निघायच्या दिवशी सकाळी पार्कच्या अधिकृत माहितीत कुठला रस्ता बंद आहे ते मुलांना बघायला लावा. ग्रँड कॅनियनला जमलं तर एक रात्र जास्त ठेवा. कधी सगळी दरी ढगांनी काठोकाठ भरलेली असते, काही म्हणता काही दिसत नाही, आणि दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडतं.