चावी काढली तरी सॉकेट चालूच? गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून काय कराल

राजापेठेतून निघायचं, बडनेरा स्टेशनवर गाडी लावायची, मुंबईची रेल्वे पकडायची आणि लग्न आटोपून चौथ्या दिवशी परतायचं. सामान डिकीत टाकून चावी फिरवावी, तर इंजिन उठत नाही. नुसता टिक-टिक आवाज. दिवे बंद होते, दारं नीट लागली होती, बॅटरीही फार जुनी नाही. मग वीज गेली कुठे?

अशा वेळी गिअरच्या पुढच्या त्या गोल सॉकेटकडे बघावं. त्यात डॅशकॅम लावलेला असेल आणि चावी काढल्यावरही सॉकेट चालू राहत असेल, तर चोर सापडला. चावीबरोबर सॉकेटही बंद व्हावं अशी सोय करता येते. काम लहान आहे, पण चुकीच्या पद्धतीने केलं तर उतरलेल्या बॅटरीपेक्षा मोठं दुखणं मागे लागतं.

हे सॉकेट मुळात सिगारेट लायटरसाठी होतं. तापलेली कॉइल काही सेकंदांत बाहेर उडी मारायची आणि काम संपायचं. तासन्‌तास एखादं उपकरण लावून ठेवण्यासाठी तो आकार कुणी घडवला नव्हता. सिगारेटी गेल्या, भोक राहिलं आणि जगभर तेच गाडीतलं 'प्लग पॉइंट' झालं.

त्याला वीज देण्याच्या दोन पद्धती आहेत. एकात तार फ्यूजमधून थेट बॅटरीला जाते, म्हणजे सॉकेट चोवीस तास जिवंत. दुसऱ्यात ती इग्निशन स्विचमार्गे येते, म्हणजे चावी असेल तरच वीज. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत पुढचं सॉकेट दुसऱ्या प्रकारचं असतं. गडबड होते ती काही युरोपीय बनावटीच्या गाड्यांत, काही गाड्यांच्या डिकीतल्या सॉकेटमध्ये, आणि सगळ्यात जास्त बाहेरून बसवून घेतलेल्या जादा सॉकेटमध्ये. बसवणाऱ्याला थेट बॅटरीवरून तार ओढणं सोपं पडतं.

आधी खात्री करा

दिवा असलेला मोबाइल चार्जर सॉकेटमध्ये लावा, गाडी बंद करा, चावी काढा, दारं लॉक करा. दिवा लगेच विझला नाही म्हणून घाबरू नका. काही नव्या गाड्या इंजिन बंद झाल्यावरही सॉकेट थोडा वेळ चालू ठेवतात आणि मग स्वतःच बंद करतात. अर्ध्या तासाने काचेतून डोकावून बघा. तेव्हाही दिवा जळत असेल, तर सॉकेट थेट बॅटरीवर आहे. मल्टिमीटर असेल तर अधिक चांगलं, पण सळई सॉकेटच्या मधल्या टोकाला आणि बाजूच्या पत्र्याला एकाच वेळी टेकू देऊ नका. तिथेच शॉर्ट होऊन फ्यूज उडतो.

आता थोडा हिशेब. छोट्या गाडीत साधारण ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. नुसता मोकळा यूएसबी चार्जर १० मिलिअँपिअरच्या आसपास वीज खातो. महिनाभर लावून ठेवला तरी सात अँपिअर-तास. चांगल्या बॅटरीला तेवढं सहज झेपतं, तेव्हा चार्जर राहिला म्हणून कुणावर ओरडण्याचं कारण नाही. डॅशकॅमचं गणित वेगळं. तो ०.३ अँपिअर घेत असेल, तर दिवसाला सात आणि चार दिवसांत जवळपास २९ अँपिअर-तास जातात. म्हणजे बडनेऱ्याला उभ्या असलेल्या गाडीत जेमतेम सहा उरले. ४८ वॅटचा गाडीतला छोटा फ्रिज चार अँपिअर ओढतो. तो रात्रभर चालू राहिला तर सकाळी बॅटरी रिकामी. स्टार्टरला काही क्षणांसाठी शंभराहून जास्त अँपिअर लागतात, त्यामुळे बॅटरी पूर्ण रिकामी होण्याच्या बरीच आधी इंजिन उठायचं थांबतं.

त्यात आपला वऱ्हाडचा उन्हाळा. अकोल्यात पारा ४५ च्या वर जाणं ही मे महिन्यातली नवलाची बातमी नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीच्या आतली रासायनिक झीज ढोबळमानाने दुप्पट होते. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर बसतो, तो मग चार्ज करूनही पूर्ण निघत नाही. म्हणून दोन-तीनदा पूर्ण उतरलेली बॅटरी आधीसारखी राहत नाही. बॅटरी हिवाळ्यात जाते असं लोक म्हणतात. बहुतेकदा ती उन्हाळ्यात खराब झालेली असते, डिसेंबरच्या थंड सकाळी ते फक्त उघडकीस येतं.

मोटरपंपाच्या स्टार्टरसारखा रिले

सॉकेटची तार काढून म्युझिक सिस्टिमच्या चावीवर चालणाऱ्या तारेला जोडायची, हा उपाय पहिल्यांदा सुचतो आणि केलाही जातो. त्यात खोट अशी, की ती तार आणि तिचा फ्यूज म्युझिक सिस्टिमपुरताच मापाचा असतो. टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप आठ-दहा अँपिअर ओढतो. तो लावला की फ्यूज जातो. मग कुणीतरी 'थोडा मोठा' फ्यूज टाकतो, आणि तिथून खरा धोका सुरू होतो. फ्यूज उपकरणाला नाही, तारेला वाचवण्यासाठी असतो. मोठा फ्यूज टाकला की फ्यूजच्या आधी तार वितळते, तीही डॅशबोर्डच्या आत, जिथे ती दिसत नाही.

योग्य मार्ग रिलेचा. शेतातल्या विहिरीवरचा मोटरचा स्टार्टर आठवा. हिरवं बटण दाबताना पंपाचा सगळा करंट तुमच्या बोटाखालच्या बटणातून जात नाही. बटण फक्त आतल्या कॉइलला वीज देतं, कॉइल चुंबक होऊन जाड संपर्क ओढते आणि मोठा करंट त्या संपर्कांतून पंपाकडे जातो. गाडीतला रिले हेच काम करतो. चावीच्या तारेवर भार पडतो तो फक्त कॉइलचा, साधारण ०.१५ ते ०.२ अँपिअर. सॉकेटचा सगळा करंट आधीच्याच जाड तारेतून आणि आधीच्याच फ्यूजमधून जातो.

चार पायांच्या साध्या रिलेवर आकडे छापलेले असतात: ३०, ८५, ८६, ८७. हे आकडे जर्मन मानकातून आले आणि आता सगळीकडे तेच चालतात. सॉकेटच्या मागची पॉझिटिव्ह तार कापायची. फ्यूजकडून येणारं टोक ३० ला, सॉकेटकडे जाणारं टोक ८७ ला. चावीबरोबर चालू होणारी बारीक तार ८६ ला आणि ८५ वरून गाडीच्या बॉडीला अर्थ. झालं. बॅटरीपासून नवी तार ओढावी लागत नाही, सॉकेटची निगेटिव्ह तार तशीच राहते.

दुकानात पाच पायांचा रिले मिळाला तर ८७ए या मधल्या पायापासून जपा. तिथे वीज येते ती कॉइल बंद असताना. सॉकेट चुकून त्याला जोडलं तर गाडी चालू असताना बंद आणि गाडी बंद असताना चालू, असा उलटा कारभार होतो. काही रिलेंमध्ये कॉइलला समांतर डायोड असतो, अशांत ८५ आणि ८६ ची अदलाबदल चालत नाही. रिलेच्या अंगावर त्याची आकृती असते, ती बघून घ्यायची.

जोड कसा दिला यावरही बरंच अवलंबून आहे. तारा पिळून वर काळी टेप गुंडाळायची पद्धत आपल्या भागात टिकत नाही. उन्हात उभ्या बंद गाडीत तापमान ६० अंशांच्या आसपास जातं, टेपचा गोंद पातळ होतो, टेप सुटते आणि उघडी तार पत्र्याला टेकते. क्रिंप किंवा डाग देऊन वर तापवून आवळणारी नळी घाला. रिलेसाठी बेस घ्या आणि तो स्क्रूने पक्का बसवा, डॅशबोर्डमागे लोंबकळत ठेवू नका.

चावीची तार कुठून घ्यायची?

खरं कसब इथे लागतं. जुन्या इग्निशन स्विचवर लॉक, एसीसी, ऑन आणि स्टार्ट अशा जागा असतात. सॉकेटसाठी एसीसीवर चालू होणारी लाइन बरी, म्हणजे इंजिन न चालवताही फोन चार्ज करता येतो. स्टार्टरच्या वेळी ही लाइन क्षणभर बंद होते, त्यामुळे डॅशकॅम एकदा बंद पडून पुन्हा सुरू होईल. तो बिघाड नाही.

तार चाकूने सोलून जोड देण्यापेक्षा फ्यूज टॅप वापरावा. मूळ फ्यूज काढून त्याच्या जागी हा बसतो. त्यात मूळ फ्यूजही राहतो आणि नव्या तारेसाठी वेगळा छोटा फ्यूजही. कॉइलसाठी २ किंवा ३ अँपिअर पुरे. फ्यूजचे साधा, मिनी आणि मायक्रो असे आकार असतात, तेव्हा जुना फ्यूज दुकानात सोबत न्यावा. टॅपची दिशाही बघावी लागते. तो उलटा बसला तर नव्या तारेचा करंट मूळ फ्यूजमधूनही जाऊ लागतो.

एअरबॅग, एबीएस, इंजिनचा संगणक आणि हेडलाइट यांच्या फ्यूजना मात्र हात लावायचा नाही. एअरबॅगची वायरिंग आणि कनेक्टर बहुतेकदा पिवळे असतात. डॅशबोर्ड उघडल्यावर पिवळं दिसलं की हात मागे. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. घड्याळ पुन्हा लावावं लागेल, काही म्युझिक सिस्टिम कोड मागतील. तो कोड आधी शोधून ठेवा.

हे करण्याआधी गाडीचं मॅन्युअल एकदा चाळून बघा. काही मॉडेलांत फ्यूज बॉक्समध्येच सॉकेटसाठी दोन जागा दिलेल्या असतात, एक कायम चालू आणि एक चावीवर चालणारी. फ्यूज इकडून तिकडे हलवला की काम फत्ते, तारेला हात लावायची गरज नाही. गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा. कापलेल्या वायरिंगवर बोट ठेवून पुढचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. बटणाने सुरू होणाऱ्या नव्या गाड्यांत बऱ्याच गोष्टी संगणकामार्फत चालतात. तिथे कुठल्याही बारीक तारेला जोड देणं म्हणजे डोकेदुखी विकत घेणं. ते काम अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच द्या आणि त्याला 'सॉकेट चावीवर कर' एवढंच न सांगता 'रिले टाकून कर' असं सांगा.

गाडी उभी असतानाही डॅशकॅमने रेकॉर्डिंग करावं असं वाटत असेल, तर हा बदल तुमच्यासाठी नाही. त्यासाठी व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की वीज तोडणारं हार्डवायर किट मिळतं. १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली आणि १२.२ म्हणजे साधारण अर्धी. किट १२.२ ला तोडेल असं ठेवलं तर गाडी सुरू होण्यापुरती वीज बहुधा शिल्लक राहते. उन्हाळ्याच्या तोंडावर तीन-चार वर्षं जुनी झालेली बॅटरी असेल तर तेही टाळलेलं बरं. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनीही हे वाचून सोडून देऊ नये. त्यांच्या गाडीत मोठ्या बॅटरीशिवाय १२ व्होल्टची छोटी बॅटरीही असते, आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही.

काम झाल्यावर चार्जरची तीच अर्ध्या तासाची परीक्षा पुन्हा घ्या. मग सगळं बंद असताना बॅटरीची निगेटिव्ह तार काढून मधे मल्टिमीटर १० अँपिअरवर लावा आणि गाडीतले संगणक झोपेपर्यंत थांबा. ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा आला तर ठीक. मीटर लावलेला असताना इंजिन सुरू करू नका, मीटर जळेल. आकडा जास्तच राहिला तर सॉकेट निर्दोष आहे, वीज दुसरीकडे कुठेतरी जाते आहे. डिकीतला दिवा आणि बाहेरून बसवलेला अलार्म आधी तपासा. सगळं जुळलं की फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत कागद चिकटवून कुठल्या फ्यूजवरून तार घेतली आणि रिले कुठे बसवला ते लिहून ठेवा. पुढच्या वेळी गाडी उघडणारा कारागीर दुसराच असेल.