ठाण्यातली ती बाई आणि चार परदेशी साधू

वज्रेश्वरीहून आम्ही गटाच्या बाया बोलतोय.

आमच्यातल्या काही जणी कामानिमित्त वसईला जातात. तिथं मोठमोठी चर्च दिसतात, लाल लुगडं नेसलेल्या ख्रिस्ती आज्या दिसतात. त्यांची बोली थोडी वेगळी, पण चूल, मासळी, लग्नातली गाणी सगळं आपल्यासारखंच. मग बैठकीत प्रश्न निघाला, हा धर्म आपल्या मुलखात आला कधी आणि कसा? "पोर्तुगीजांनी आणला," असं उत्तर लगेच आलं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं शोधताना आम्हाला एक बाई भेटली, सातशे वर्षांपूर्वीची. आजचं बोलणं तिच्याबद्दल आहे.

आधी पोर्तुगीजांचं सांगून टाकू, कारण ते आपल्या देवळाशीच जोडलेलं आहे. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली. पुढं दोनशे वर्षं तिथं त्यांचं राज्य होतं. देवीचं मूळ ठाणं गुंज इथं होतं आणि पोर्तुगीजांच्या त्रासामुळं ते इकडं आलं, असं आपल्याकडे सांगतात. चिमाजी अप्पांनी वसईच्या स्वारीत देवीला नवस केला. 1739 च्या मे महिन्यात किल्ला पडला आणि नवस फेडायला हे देऊळ बांधलं गेलं. किल्ल्यासारखा त्याचा दरवाजा आणि त्या दगडी पायऱ्या आपण रोज पाहतो.

पण ख्रिस्ती माणसं कोकणात त्याच्या हजार वर्षं आधीपासून होती. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा मिसर देशातला एक व्यापारी होता. त्यानं लिहून ठेवलंय की 'कल्याण' नावाच्या गावी ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप, म्हणजे मुख्य धर्मगुरू, इराणातून नेमून येतो. हे कल्याण म्हणजे भिवंडीच्या खाडीपलीकडचं आपलंच कल्याण, असं बरेच अभ्यासक मानतात. ही माणसं सैन्य घेऊन आलेली नव्हती. व्यापाराच्या गलबतांबरोबर आली, राहिली, शेजारी झाली.

त्या काळात तिकडं युरोपात काय चाललं होतं? येशूनंतर पहिली तीनशे वर्षं ख्रिस्ती धर्म गरिबांचा, गुलामांचा आणि बऱ्याच प्रमाणात बायकांचा धर्म होता. रोमचे बादशहा अधूनमधून त्यांचा छळही करत. 313 साली कॉन्स्टंटाइन बादशहानं त्यांना मोकळीक दिली. 380 साली थिओडोसियस बादशहानं तोच राज्याचा धर्म केला. शंभर वर्षं उलटायच्या आत पश्चिमेकडचं रोमचं राज्य कोसळलं, पण चर्च टिकलं. गावोगावी मठ उभे राहिले. शेती, औषधपाणी, पोथ्यांच्या नकला, लिहिणं-वाचणं सगळं मठांत चाले. बायकांचेही मठ होते. जर्मनीत बाराव्या शतकात हिल्डेगार्ड नावाच्या मठप्रमुख बाईनं झाडपाल्याच्या औषधांवर लिहिलं आणि गाणी रचली.

पण मठांकडे जमिनी आल्या, चर्चकडे पैसा आला, राजेही पोपला वचकून राहू लागले. तेव्हा इटलीत असिसी गावच्या एका कापडव्यापाऱ्याच्या मुलानं सगळं सोडलं. त्याचं नाव फ्रान्सिस. अंगावर जाडाभरडा झगा, कमरेला दोरी, खायला भिक्षा. त्याच्या साधूंना फ्रान्सिसकन म्हणतात. क्लारा नावाच्या त्याच गावच्या मुलीनं बायकांसाठी तसाच मठ काढला आणि त्याचे नियम स्वतः लिहिले. तिच्या आधी बायकांच्या मठांचे नियम पुरुषच लिहीत.

फ्रान्सिस 1226 साली वारला. तोवर मंगोल लोकांनी चीनपासून रशियापर्यंत मुलूख जिंकायला घेतला होता आणि पुढं त्यांच्या राज्यातून दूरचे रस्ते खुले झाले. फ्रान्सिसकन साधू त्या रस्त्यांनी पूर्वेकडे निघाले. असेच चौघे 1321 साली ठाण्याला पोचले. टोलेंटिनोचा थॉमस, पाडुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि दिमित्री. त्यांना जायचं होतं केरळात कोल्लमला, पण जहाजानं त्यांना ठाण्याला आणलं. बरोबर जॉर्डन नावाचा आणखी एक धर्मगुरू होता. तो पुढं गुजरातकडे निघून गेला.

ठाणं तेव्हा मोठं बंदर होतं. देवगिरीच्या यादवांचं राज्य नुकतंच बुडालं होतं आणि इथं दिल्लीच्या सुलतानाचा अंमल आला होता. पंढरपुरात नामदेव, जनाबाई अभंग गात होते, तोच हा काळ. ठाण्यात ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती. ती जुन्या, इराणकडच्या पंथाची. त्यातल्या एका घरी हे साधू उतरले.

पुढची हकीकत ओडोरिक नावाच्या दुसऱ्या फ्रान्सिसकन साधूनं सांगितली. तो नंतर ठाण्याला आला होता आणि 1330 साली परत इटलीत गेल्यावर त्यानं ती लिहून घेतली.

ज्या घरी साधू उतरले होते तिथं एक दिवस नवरा-बायकोचं भांडण झालं. नवऱ्यानं बायकोला बेदम मारलं. ती बाई गप्प बसली नाही. उठली आणि थेट काझीकडे गेली. काझी म्हणजे त्या वेळचा न्यायाधीश. त्यानं विचारलं, साक्षीदार कोण? ती म्हणाली, आमच्या घरी चार परदेशी साधू आहेत, त्यांच्यासमोर मारलं.

तिथं एक परका माणूस हजर होता. तो म्हणाला, हे साधू मोठे विद्वान आहेत, त्यांना बोलवा, धर्मावर वाद होऊ द्या. साधूंना बोलावलं. तिघे आले, पीटर सामान राखायला घरी राहिला. आणि सुरू झाला वाद. तुमचा देव खरा की आमचा? तुम्ही आमच्या पैगंबराला काय मानता? थॉमसनं कडक उत्तर दिलं. लोक भडकले. साधूंना उन्हात उभं केलं, आगीत लोटलं. शेवटी रात्री मारेकरी पाठवून त्यांना मारलं. मागाहून पीटरलाही मारलं. ओडोरिकच्या सांगण्याप्रमाणे, दिल्लीच्या सुलतानाला हे कळलं तेव्हा त्यानं ठाण्याच्या मलिकाला, म्हणजे सुभेदाराला, पकडून देहान्ताची शिक्षा दिली. काझी पळून गेला.

हे ऐकून कुणी म्हणेल, बघा, अमका धर्म असाच. आम्ही तसं म्हणणार नाही. याच्या तीनच वर्षं आधी, 1318 साली, फ्रान्सच्या मार्सेय शहरात चार फ्रान्सिसकन साधूंना जिवंत जाळलं होतं, आणि ते जाळलं होतं ख्रिस्ती धर्मन्यायालयाच्या निकालावरून. त्यांचा गुन्हा एवढाच, की फ्रान्सिसनं सांगितलेली गरिबी पूर्ण पाळलीच पाहिजे, हा हट्ट त्यांनी सोडला नाही. असाच हट्ट धरला म्हणून थॉमसलाही त्याच्याच संघानं पूर्वी कोठडीत डांबलं होतं. पुढं पोर्तुगीजांनी 1560 साली गोव्यात असंच धर्मन्यायालय बसवलं आणि त्याचा धाक वसईपर्यंत होता. कल्याणचे ख्रिस्ती शेजारी म्हणून आले तेव्हा राहून गेले. धर्माच्या हातात सत्तेची काठी आली की ती कुणाच्याही पाठीवर पडते.

आता त्या बाईकडे परत येऊ. तिच्या तक्रारीचं काय झालं? काझीनं नवऱ्याला बोलावलं का? तिला न्याय मिळाला का? ती घरी परत गेली तेव्हा तिचं काय झालं? ओडोरिकनं पुढं एक शब्द सांगितला नाही. साधूंची आठवण मात्र राहिली. जॉर्डननं त्यांचे देह सोपाऱ्याच्या चर्चमध्ये पुरले. ओडोरिक त्यांची हाडं गोळा करून थेट चीनपर्यंत घेऊन गेला. थॉमसला पोपनं 1894 साली 'धन्य' ठरवलं. ज्या बाईच्या तक्रारीवरून हे सगळं घडलं तिचं नावसुद्धा कुणी लिहिलं नाही.

बैठकीत हे सांगून झालं तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक ताई म्हणाली, "असंच होतं ना गं अजून." आम्हाला ते पटलं. बाई मार खाऊन तक्रार करायला जाते आणि बोलणं भलतीकडेच जातं. जात कुठली, माहेर कुठलं, कुठल्या पक्षाचे, देवधर्म काय करता, गावाची अब्रू काय राहील. तासाभरानं सगळे भांडत असतात आणि बाई कोपऱ्यात बसलेली असते.

आज आपल्या हातात तिच्यापेक्षा जास्त आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध 2005 चा कायदा आहे. संरक्षण अधिकारी आहेत. 181 हा मदतीचा नंबर आहे. पण कायदा असला तरी विषय भरकटतोच. म्हणून आमच्या गटानं एक साधी रीत ठरवली आहे. कुणी बाई अशी गोष्ट घेऊन आली की पहिल्यांदा तिचं पूर्ण ऐकायचं. तिच्याच शब्दांत वहीत लिहायचं, वर तिचं नाव आणि तारीख घालायची. बोलणं दुसरीकडे वळलं की एकीनं तरी म्हणायचं, "थांबा, हिचं काय झालं ते आधी सांगा."

ठाण्याच्या त्या दरबारात एवढं म्हणणारं कुणी नव्हतं. आपल्या गावात तरी कुणी असावं.