खरे कोणाला ठाऊक?

चित्रपटांचे प्रकार आपण सहज सांगतो: पौराणिक, सामाजिक, रहस्यमय, विनोदी. परंतु ही केवळ जाहिरातीची सोय आहे, की प्रकारागणिक चित्रपटाचे काही आतले सूत्रही बदलते? याचा उलगडा व्हावा म्हणून आम्ही हिंगोलीस घरच्या मंडळींसह एका आठवड्यात सात मराठी चित्रपट पाहिले. रोज एक, आणि प्रकार दररोज निराळा, एवढाच नियम.

सोमवारी 'अयोध्येचा राजा' (१९३२). हरिश्चंद्राची हीच कथा दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली मूकपटासाठी निवडली होती. ती सर्वांना आधीच ठाऊक असते. पुढे काय होणार, हा प्रश्न पौराणिक पटात नसतोच. सत्याची किंमत किती, एवढेच प्रेक्षक मोजीत बसतो.

मंगळवारी 'संत तुकाराम' (१९३६). नर्सी नामदेव आमच्या शेजारचे, तेव्हा संतपट म्हटल्यावर आमच्या आत्याबाई सर्वांआधी येऊन बसल्या. तुकोबांची रचना सालोमालो स्वतःची म्हणून मिरवू लागताच त्या उसळून म्हणाल्या, "मेल्याला लाज कशी नाही!" येथे खरे काय ते प्रेक्षकाला ठाऊक असते, गावाला नसते. आत्याबाईंचा संताप त्यातूनच आला.

बुधवारी व्ही. शांताराम यांचा 'कुंकू' (१९३७). नीरेला फसवून वृद्धाशी लग्न लावतात. खरे तिला कळते ते उशिरा, आणि कळल्यावर ती मुकाट्याने सोसत नाही. सामाजिक पटाचे बळ या नकारात आहे. गुरुवारी अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' (१९५९) हा तमाशापट. जे दडपले गेले ते चारचौघांत सांगणे, हे त्याच्या नावातच आहे. शुक्रवारी राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४). त्यावरूनच पुढे १९६६ मध्ये हिंदीत 'मेरा साया' निघाला. समोरची स्त्री खरी कोण, हे रहस्यपट प्रेक्षकापासूनच लपवून ठेवतो.

शनिवारी 'अशी ही बनवाबनवी' (१९८८). भाड्याची जागा मिळावी म्हणून दोघे पुरुष स्त्रीवेष घेतात. आता लबाडी आपल्याला ठाऊक, घरमालकिणीला नाही; आणि आपण चक्क लबाडांच्या बाजूचे! मंगळवारी सालोमालोवर चिडलेल्या आत्याबाई शनिवारी डोळ्यांत पाणी येईतो हसल्या.

तेव्हा आम्हांस सूत्र सापडले. खरे काय, हे कोणाला ठाऊक आणि कोणाला नाही, यावर चित्रपटाचा प्रकार बराचसा ठरतो. प्रेक्षकाला ठाऊक नसेल तर रहस्य. प्रेक्षक कटात सामील असेल तर विनोद. भोगणाऱ्याला उशिरा कळले तर शोकाची छाया.

रविवारी संदीप सावंत यांचा 'श्वास' (२००४) लावला. कोकणातला एक आजोबा नातवाला शहरात आणतो. मुलाला डोळ्यांचा कर्करोग आहे. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. मोठ्यांना हे ठाऊक आहे, मुलाला नाही. आणि त्याला ते सांगितलेच पाहिजे.

चित्रपट संपला, पण कोणी उठेना. त्याचे कारण पडद्यावर नव्हते. आत्याबाईंच्या आजाराचे नाव आम्ही दोन महिने त्यांच्यापासून लपवले होते. "पित्त आहे, उतरेल," असे सांगत आलो होतो. त्या शांतपणे म्हणाल्या, "एवढ्याशा पोराला सांगितलं. मग मला का नाही?"

आम्ही सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. औषध किती दिवसांचे, खर्च किती, असे दोन प्रश्न विचारले. मग म्हणाल्या, "आषाढीच्या आत नर्सीला एकदा नेऊन आणा."

चित्रपटांचे प्रकार समजून घ्यावयास निघालो आणि आमच्या घरात कोणता प्रकार चालला आहे, ते कळले. लपवणे ही माया आहे, असे आम्ही समजत होतो. पण त्या मायेने आत्याबाईंना त्यांच्याच गोष्टीबाहेर बसविले होते.

पुढच्या शनिवारी आम्ही नर्सीस जाऊन आलो.